रोडमॅपचं सॉफ्टवेअर घ्यायचं की कामाच्या नोंदीचं?

 

मी बोलतेय चंडीगडच्या सेक्टर ३२ मधून. आमचं ऑफिस इथेच, बाजाराच्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली औषधांची दुकानं आहेत, त्यामुळे मध्येच स्कूटरचे आवाज आले तर सांभाळून घ्या. इथे ऑटोवाल्याला ‘बत्तीस’ म्हटलं की तो विचारतो, हॉस्पिटल की कॉलेज? हॉस्पिटल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं, कॉलेज म्हणजे एस. डी. कॉलेज. आम्ही या दोन्हींपैकी काही नाही. आम्ही वीसेक माणसं आहोत आणि लहान हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो: नंबर लावणं, बिल, औषधांचा साठा, जुन्या पेशंटचे कागद. मी मूळची नगर जिल्ह्यातली, सात वर्षं इथे आहे, आणि या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम करते.

आज बोलायचं ते एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर. प्रॉडक्टच्या टीमनं रोडमॅप आखायचं सॉफ्टवेअर घ्यावं, की रोजच्या कामाची नोंद ठेवायचं, ज्याला आपण ट्रॅकर म्हणतो ते? माझं उत्तर आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं सोडता येईल. बहुतेक लहान टीमनी ट्रॅकर घ्यावा आणि रोडमॅप एका पानावर, माणसानं हातानं लिहिलेला ठेवावा. ते पान ट्रॅकरमधून आपोआप तयार होऊ देऊ नये. या शेवटच्या वाक्यासाठीच आजचं सगळं बोलणं आहे.

आधी ही दोन जनावरं कुठून आली ते पाहू.

ट्रॅकरचा जन्म चुकांच्या यादीतून झाला. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली, कुणीतरी ती नोंदवली, कुणीतरी अंगावर घेतली, दुरुस्त केली, दुसऱ्यानं तपासली, नोंद बंद. जिरा आलं २००२ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅटलासियन कंपनीकडून. ही मंडळी आधी चुका नोंदवायला बगझिला वापरायची. बगझिलाच्या शेवटच्या ‘झिला’वरून त्यांना गॉडझिला आठवला, गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा, आणि त्यातलं पुढचं अक्षर कापून जिरा. आमचे पंजाबी सहकारी त्याला सरळ ‘जीरा’ म्हणतात, फोडणीतलं. मला मात्र पहिल्या दिवसापासून ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ आठवतं. सकाळी एखादं काम त्यात टाकलं की ते जमिनीत मुरल्यासारखं कुठे जातं ते संध्याकाळी सापडत नाही, असा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असेल.

चेष्टा सोडून देऊ. ट्रॅकरमध्ये मुख्य वस्तू एकच असते: काम. त्या कामाला एक धनी असतो आणि एक अवस्था असते. सुरू व्हायचंय, सुरू आहे, तपासणीत आहे, झालं. ट्रेलो असो, लिनियर असो, झोहोचं असो, वरचा रंग बदलतो, आत हेच.

रोडमॅपची खास सॉफ्टवेअरं नंतर आली. आहा २०१३ मधलं, प्रॉडक्टबोर्ड २०१४ मधलं. ती प्रॉडक्ट मॅनेजर लोकांनी स्वतःच्या डोकेदुखीसाठी मागितली. त्यांच्यात मुख्य वस्तू काम नसते. अडचण असते, ग्राहकाची मागणी असते, उद्दिष्ट असतं. ही मागणी कुणाकुणाची आहे, ती पुरी केली तर काय साधेल, तिच्यासाठी दुसरं काय मागे ठेवावं लागेल, हे तिथे लिहायचं. आणि मग त्यातून एक चित्र: आधी हे, मग ते.

घोळ कुठे झाला? दोघंही एकमेकांच्या अंगणात शिरले. ट्रॅकरवाल्यांनी रोडमॅपची पट्टी काढून दिली. जिरा बनवणाऱ्यांनी तर २०२३ मध्ये मागण्या आणि कल्पना गोळा करायचं वेगळं उत्पादनच बाजारात आणलं. रोडमॅपवाल्यांनी आपल्यात कामाच्या याद्या घातल्या. आता विक्रेत्याला फोन केला की प्रत्येक जण म्हणतो, आमच्यात दोन्ही आहे. खोटं बोलत नाहीत ते. दोन्ही असतं. पण ज्याचा जन्म ज्यासाठी झाला तेच त्याला चांगलं जमतं.

माझे मामा पाथर्डी तालुक्यात रोजगार हमीच्या कामांवर मुकादम होते. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना माहीत असेल: रोजगार हमीत दोन वेगवेगळे कागद असायचे. एक होतं मस्टर, हजेरीपट. कोण आलं, किती दिवस आलं, खोदाईचं माप किती भरलं, त्यावर मजुरी. दुसरं होतं कामांचं शेल्फ. म्हणजे तालुक्यात पुढे कोणती कामं काढता येतील, पाझर तलाव कुठे, बंडिंग कुठे, रस्ता कुठे, त्यांची आधीच मंजुरी घेऊन तयार ठेवलेली यादी. ती लागायची, कारण १९७७ च्या कायद्यानं माणसानं काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं होतं. ऐन वेळी काम शोधत बसलं तर १५ दिवस असेच जातात.

मामा मस्टरच्या बाबतीत अतिशय कडक माणूस. खाडाखोड चालायची नाही. त्यांच्या हाताखाली झालेल्या एका तलावाची गोष्ट ते सांगायचे. मस्टर चोख, मापं चोख, एका मजुराची एका दिवसाची मजुरी बुडाली नाही. आणि तलावात पाणी काही थांबलं नाही, कारण जागाच चुकीची निवडलेली होती. खाली मुरमाची भेग. ती जागा शेल्फवर कुणी आणि का घातली, हे कोणत्याच कागदावर नव्हतं. मामा म्हणायचे, “बाई, माझं मस्टर बघून तुला कधीच कळणार नाही की तळं कोरडं आहे.”

मस्टरमधून शेल्फ तयार होत नाही. तसंच शेल्फवर यादी सुंदर लिहिली म्हणून हजेरी लागत नाही. आता हे रोजगार हमीचं झालं. आमच्याकडे काय झालं ते सांगते.

आमच्या कंपनीत एका टीमकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या जोडणीचं काम होतं. आरोग्य क्षेत्रात नसलेल्यांसाठी सांगते: पेशंटला एक आरोग्य क्रमांक मिळतो, आभा म्हणतात त्याला, आणि त्याच्या संमतीनं त्याचे कागद एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलाला बघता येतात. सॉफ्टवेअरवाल्यांना त्यासाठी आधी चाचणीच्या वातावरणात तीन टप्पे पार करावे लागतात. पहिल्यात आभा क्रमांक तयार करणं आणि तपासणं, दुसऱ्यात आपल्याकडचे कागद देणं, तिसऱ्यात दुसऱ्यांचे कागद संमतीनं मागवून घेणं. पहिला टप्पा त्यामानानं सोपा. दुसऱ्यापासून खरी चढण.

मी तेव्हा बिलिंगच्या बाजूला होते. त्या टीमनं एक रोडमॅपचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते ट्रॅकरला जोडलं. दोन्हीकडून आपोआप देवाणघेवाण, कुणी हात लावायला नको. कौतुकाची गोष्ट वाटली सगळ्यांना. ट्रॅकरमध्ये मोठं काम नोंदवायच्या फॉर्मवर ‘पूर्ण व्हायची तारीख’ हा रकाना सक्तीचा केलेला होता. तो भरल्याशिवाय फॉर्म जतन व्हायचा नाही. आठवड्यापूर्वी रुजू झालेल्या एका मुलानं तिथे ३० सप्टेंबर टाकलं. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, काहीतरी टाकायला हवं होतं ना जी. त्यात त्याचं काय चुकलं? फॉर्मनं मागितलं, त्यानं दिलं.

जोडणीनं ती तारीख उचलली आणि रोडमॅपवर छान हिरवी पट्टी काढली, ३० सप्टेंबरला संपणारी. विक्रीच्या माणसानं अंबाल्याच्या एका नर्सिंग होममध्ये ती पट्टी लॅपटॉपवर दाखवली. त्यानंही काही वाढवून सांगितलं नाही. समोर दिसत होतं तेच सांगितलं. नर्सिंग होमनं जुन्या सॉफ्टवेअरवाल्याला नोटीस दिली.

सप्टेंबर आला. ट्रॅकर म्हणत होता ४३ पैकी ३१ कामं झाली, म्हणजे ७२ टक्के. राहिलेल्या बारांत दुसरा टप्पा अख्खा होता. ट्रॅकरला प्रत्येक काम म्हणजे एक काम. बटणाचा रंग बदलणंही एक आणि संमतीची साखळी बसवणंही एकच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जुनं सॉफ्टवेअर बंद झालं, आमचं तयार नव्हतं. नोंदणीच्या खिडकीवर दोन बायका बसायच्या, त्यांनी तीन आठवडे रजिस्टरमध्ये हातानं नावं लिहिली. जुन्या पेशंटची फाइल शोधायला आत-बाहेर पळापळ. रांग गेटपर्यंत जायची. डॉक्टरांचे फोन आम्हाला यायचे, पण लोकांची बोलणी त्या दोघींना खावी लागली.

नंतर बैठक झाली तेव्हा पहिला प्रश्न साहजिक होता: ही तारीख कुणी दिली? आणि खरंच कुणी दिलेली नव्हती. मुलानं फॉर्म भरला होता, यंत्रानं पट्टी काढली होती, विक्रीवाल्यानं पट्टी दाखवली होती. एकही माणूस असा नव्हता ज्यानं विचार करून ‘३० सप्टेंबरला देतो’ असं म्हटलं होतं. कुणीच न दिलेलं वचन आम्ही मोडलं होतं. त्यानंतर साधन निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी पुष्कळ तुलनात्मक तक्ते वाचले. कुठल्यात काय सोय आहे, किती रंग, किती आलेख. उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो ज्या शहरात राहते त्याच्या नकाशाचा, आणि हे मी चंडीगडला खूश करायला म्हणत नाहीये.

फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी हवी होती. पहिला आराखडा अमेरिकेच्या अल्बर्ट मेयर यांनी केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले. मग १९५१ च्या फेब्रुवारीत ल कॉर्ब्युझिए आले आणि अगदी थोड्या दिवसांत नवा आराखडा उभा राहिला. आपल्याला त्यातलं एवढंच लागतंय: शहर पाच लाख लोकांचं धरलं होतं, आणि ते दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा दीड लाखांचा, सेक्टर १ ते ३०. दुसरा टप्पा, सेक्टर ३१ ते ४७. मी जिथे बसलेय ते सेक्टर ३२ म्हणजे त्या आराखड्यातलं ‘नंतर’.

हल्ली प्रॉडक्टच्या लोकांत ‘आत्ता, पुढे, नंतर’ अशा तीन रकान्यांचा रोडमॅप बराच चालतो. प्रॉडपॅडच्या जॅना बॅस्टो यांनी तो रुजवला. महिन्यांच्या पट्ट्या काढायच्या नाहीत, तीन रकाने करायचे. जसजसं उजवीकडे जाल तसतसं मोघम. मला तो पटला कारण मी ‘नंतर’मध्येच राहते. इथलं कॉलेज निघालं १९७३ मध्ये, मेडिकल कॉलेज १९९१ मध्ये. आराखड्यानंतर चाळीस वर्षांनी. टप्पे लोकसंख्येला बांधलेले होते, आणि ‘नंतर’साठी जागा धरून ठेवलेली होती. जागा धरून ठेवणं हे त्या कागदाचं काम. कोणत्या भिंतीला किती विटा गेल्या हे त्याचं काम नव्हे. त्यासाठी बांधकाम खात्याचं मोजमाप पुस्तक असतं, एमबी. एमबीमध्ये लिहिल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल निघत नाही. नकाशा दाखवून बिल निघत नाही, आणि एमबी दाखवून शहर समजत नाही.

आराखडा चुकतोही, आणि तरी उपयोगी पडतो, हेही इथेच पाहायला मिळतं. राज्यपालांचा प्रासाद आखला होता, बांधलाच नाही. ‘ओपन हँड’ हे हाताचं शिल्प कॉर्ब्युझिएंच्या फार मनातलं. उभं राहिलं १९८५ मध्ये, ते वारल्यानंतर वीस वर्षांनी. १९६६ मध्ये पंजाबचे तुकडे झाले आणि एका राज्याची म्हणून आखलेली राजधानी दोन राज्यांची आणि वर स्वतः केंद्रशासित प्रदेश झाली. असला बदल कुठल्या सॉफ्टवेअरच्या पट्टीत बसवणार?

आणि एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९५२ मध्येच एक कायदा झाला, शहराच्या भोवती पाच मैलांत मनमानी बांधकाम करायचं नाही असा. दहा वर्षांनी हद्द दहा मैलांवर नेली. म्हणजे काय बांधायचं याच्याबरोबर काय बांधू द्यायचं नाही, हेही लिहून ठेवलं. पुढे मोहाली आणि पंचकुला त्याच पट्ट्यात उभी राहिली, हा भाग वेगळा. कायद्याचं काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे. पण नकार लिहिलेला होता, त्यामुळे तो मोडला तेव्हा मोडला हे कळलं तरी. ट्रॅकरमध्ये नकार सहसा लिहिला जात नाही. नको असलेलं काम तिथे यादीच्या तळाशी जाऊन पडतं आणि वर्षानुवर्षं ‘सुरू व्हायचंय’ या अवस्थेत राहतं. ज्यानं मागितलं त्याला वाटतं येईल कधीतरी.

आता निवडीकडे. विक्रेत्याचा तक्ता बाजूला ठेवा आणि आपल्या टीमला दोन-तीन गोष्टी विचारा.

सोमवारी सकाळी ही वस्तू कोण उघडणार? नावं लिहा. विभागाचं नाव चालणार नाही. ट्रॅकर इंजिनिअर आणि तपासणी करणारे उघडतात, रोज. रोडमॅप मालक, विक्री, मदतकक्ष, कधी ग्राहक उघडतो, महिन्यातून एकदा. रोडमॅपच्या महागड्या सॉफ्टवेअरच्या यादीत तुमचं एकट्याचंच नाव येत असेल, तर तुम्ही डॉलरमध्ये दरमहा भाडं देऊन, वर १८ टक्के जीएसटी भरून, स्वतःपुरती वही घेताय. उलट टीम दहाच्या आत असेल तर जिराचं फुकटचं खातं दहा जणांपर्यंत चालतं, त्यात भागवा.

दुसरं, तुमचं दुखणं नेमकं कुठलं? सकाळच्या उभ्या-उभ्या बैठकीत ‘अरे, हे कुणाकडे आहे?’ हा प्रश्न रोज येत असेल तर ट्रॅकर हवा, रोडमॅपनं ते थांबणार नाही. पण ‘हे आपण का करतोय?’ हा प्रश्न येत असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे यायचाच बंद झाला असेल, तर ट्रॅकरमध्ये आणखी चार रकाने घालून काही होत नाही.

रोडमॅपचं खास सॉफ्टवेअर घेण्यासारखी परिस्थिती असते, नाही असं नाही. त्याचा खरा उपयोग पट्ट्या काढण्यात नसून मागण्या जुळवण्यात आहे, असं माझं मत झालंय. आमचंच उदाहरण देते. आमचे ग्राहक चंडीगडच्या आसपास आहेत आणि काही नाशिककडे. नाशिकचे डॉक्टर ईमेल करायचे: जुना केसपेपर लवकर निघत नाही. अंबाल्याहून पंजाबीत व्हॉइस नोट यायची: पर्ची मिळत नाही. इथल्या एका क्लिनिकचा मदतकक्षाला फोन: कार्ड शोधायला वेळ लागतो. केसपेपर, पर्ची, कार्ड. ट्रॅकरमध्ये ही तीन वेगळी, किरकोळ कामं म्हणून पडली होती आणि तिन्ही तळाला गेली होती. मदतकक्षातल्या माझ्या मैत्रिणीनं, ती हिमाचलची आहे, एक दिवस वहीत तिन्ही एकाखाली एक लिहिली आणि म्हणाली, दीदी, हे तिघं एकच मागतायत. जुना पेशंट दारात आला की त्याचा मागचा कागद पाच सेकंदांत दिसला पाहिजे. आमच्याकडची वर्षभरातली सर्वात मोठी मागणी होती ती, आणि तीन शब्दांत फाटून गेली होती.

ग्राहक तीस असतील तर हे वहीत जमतं. तीनशे झाले, तीन-चार उत्पादनं झाली, मागण्या फोन, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप अशा पाच दारांनी यायला लागल्या, की वही पुरत नाही. तेव्हा प्रॉडक्टबोर्डसारख्या गोष्टीवर पैसे घाला. आणि घालताना चाचणीच्या दिवसांत त्यांच्या नमुन्याच्या माहितीवर खेळू नका. आपल्या खऱ्या पन्नास मागण्या, मराठी-पंजाबी-हिंदी जशा आल्या तशा, आत टाका आणि बघा, आठवडाभरानं तुम्हाला नवीन काही कळलं का. एक्सेलमध्ये सगळं बाहेर काढता येतं का हेही त्याच आठवड्यात बघून घ्या. आत जायचा रस्ता प्रत्येकाकडे गुळगुळीत असतो.

आपोआप जोडणीबद्दल मी जरा हट्टी आहे, हे मान्य. पुष्कळ जण सांगतात, दोन ठिकाणी हातानं लिहायचं म्हणजे दुप्पट काम. खरं आहे. एका दिशेची जोडणी मला चालते: रोडमॅपवरच्या ओळीवर टिचकी मारली की ट्रॅकरमधली संबंधित कामं दिसावीत, एवढी. मात्र ट्रॅकरमधली तारीख किंवा टक्केवारी रोडमॅपवर स्वतःहून येता कामा नये. तिथे तारीख लिहायची तर माणसानं लिहायची आणि शेजारी स्वतःचं नाव लिहायचं. जगात नाव लिहायचं म्हटलं की पेन थोडं थांबतं. तेवढं थांबणं मला हवंय.

मग आम्ही काय केलं? ट्रॅकर जुनाच ठेवला. त्यातला तारखेचा सक्तीचा रकाना काढून टाकला. याला एक पैसा लागला नाही. रोडमॅपचं सॉफ्टवेअर मुदत संपल्यावर पुन्हा घेतलं नाही. त्याच्या जागी एक पान आहे, सगळ्यांना उघडता येणारं. तीन रकाने आणि खाली चौथा, ‘करणार नाही’. प्रत्येक ओळीपुढे कुणासाठी, का, आणि त्यासाठी काय मागे ठेवलं. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी विक्री, मदतकक्ष आणि इंजिनिअर अशी पाच माणसं बसतो आणि हातानं ते पान बदलतो. चहासकट सव्वा तास लागतो. विक्रीच्या माणसाला पहिले दोन महिने फार राग यायचा, दाखवायला रंगीत काही नाही म्हणून. आता तो ग्राहकाला सरळ चौथा रकाना दाखवतो. त्याचं म्हणणं, लोकांना ‘नाही’ ऐकून तेवढं वाईट वाटत नाही, जेवढं ‘होईल जी’ ऐकून सहा महिन्यांनी वाटतं.

सगळं सुरळीत आहे असं नाही. पानावरची ओळ आणि ट्रॅकरमधली कामं यांचा मेळ घालायला कुणीतरी लागतं, आणि सध्या ते मी आणि हिमाचलवाली मैत्रीण करतो. आमच्यातली एक रजेवर गेली की पान शिळं होतं. माणसं चाळीस झाली की ही पद्धत मोडेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. तेव्हा पुन्हा बाजारात जाऊ.

अंबाल्याचं विचाराल म्हणून सांगते. ते नर्सिंग होम आजही आमच्याकडे आहे. पहिला टप्पा त्यांच्याकडे सुरू झाला, दुसरा नंतर. खिडकीवरच्या दोघींपैकी एक आता निवृत्त झाली. दुसरी मला महिन्यातून एकदा तरी फोन करते. तिची मागणी साधी आहे. पेशंटला मिळणाऱ्या औषधांच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा गुरुमुखीत छापून हव्यात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन वाचता येतील. नाशिकच्या डॉक्टरांना तेच मराठीत हवंय. आमच्या पानावर ती ओळ ‘नंतर’मध्ये आहे, तिच्यापुढे माझं नाव आहे, आणि ती दर वेळी विचारते, कधी? मी तिला अजून तारीख सांगितलेली नाही. गेल्या गुरुवारी ओळ एक घर डावीकडे, ‘पुढे’मध्ये सरकली, ते मात्र सांगितलं.